फुकट आवृत्तीत केलेला गेम मध्येच अडकेल का?

तुम्ही दोघं मिळून पहिलाच टूडी गेम करताय. इंजिनाची, म्हणजे गेम बांधायच्या सॉफ्टवेअरची, मोफत आवृत्ती घेतली आहे, दोन महिने काम झालंय, आणि आता मोफत-विकत असा तुलनेचा तक्ता पाहून धास्ती बसली आहे: गेम अर्धा झाल्यावर एखादी सोय कुलूपबंद निघाली तर? आत्ताच पैसे भरून ठेवावेत का? आणि पुढे कधी विकतची आवृत्ती घेतली, तर सगळं पहिल्यापासून करावं लागेल का?

आधी उत्तर देतो, कारणं मागाहून. आत्ता पैसे भरू नका. चित्रं, सावल्या, वेग यांच्यापायी तुमचा गेम अडणार नाही. अडलाच तर बहुधा कन्सोलवर (प्लेस्टेशनसारख्या खेळयंत्रावर) नेताना अडेल, नाहीतर टीममधल्या कुणीतरी सॉफ्टवेअरच्या विद्यार्थी-प्रतीत बनवलेल्या फायलीमुळे, नाहीतर परवान्यातल्या एखाद्या शब्दाचा अर्थ तुम्ही भलताच लावल्यामुळे. तुलनेच्या तक्त्यात यातलं काहीच धड दिसत नाही.

तुमची धास्ती एकेकाळी अगदी रास्त होती. मी या कामात पडलो तेव्हा युनिटी या इंजिनाची मोफत आवृत्ती नुकतीच, २००९ साली, आली होती. प्रो परवाना १,५०० डॉलरचा. मोफत आवृत्तीत रिअल-टाइम सावल्या नव्हत्या, अख्ख्या पडद्यावर लावायचे पोस्ट-प्रोसेसिंग इफेक्ट नव्हते, प्रोफायलर, म्हणजे गेमचा वेळ कुठे जातो ते मोजणारं साधन, नव्हतं. सावली हवी म्हणून आम्ही पात्राच्या पायाखाली काळसर धूसर गोल चिकटवायचो आणि पात्राने उडी मारली की तो गोल लहान करायचो. लोकांना ते चालून जायचं. प्रोफायलर नसणं मात्र छळायचं. गेम रखडतोय एवढं दिसायचं, कशामुळे ते कळायचं नाही. मग कोडमध्ये जागोजागी घड्याळ लावायचं, आकडे पडद्यावर छापायचे आणि तासन्‌तास चाचपडायचं. आयफोन आणि अँड्रॉइडसाठीचे प्रो परवाने पुन्हा वेगळे, प्रत्येकी १,५००. तिन्ही मिळून ४,५०० डॉलर, तेही दर माणशी.

अनरियल या दुसऱ्या इंजिनाची यूडीके ही मोफत आवृत्तीही २००९ चीच. दिसायला ती भरगच्च होती, पण इंजिनाचा सी प्लस प्लस कोड हाती येत नसे. अनरियलस्क्रिप्ट या त्याच्याच भाषेत जेवढं बसेल तेवढंच करायचं. गेम विकायला काढला की ९९ डॉलरचा परवाना, आणि ठराविक रकमेपुढे २५ टक्के रॉयल्टी.

मार्च २०१५ मध्ये हे चित्र एका आठवड्यात पालटलं. अनरियल ४ ने आपली १९ डॉलरची मासिक वर्गणी काढून टाकली आणि युनिटी ५ ने पर्सनल या मोफत आवृत्तीत इंजिनाच्या जवळजवळ सगळ्या सोयी खुल्या केल्या. कंपन्यांना एकाएकी दानत सुचली असं नाही. साधन विकण्यापेक्षा चाललेल्या गेममधला वाटा, असेट स्टोअरमधलं (तयार चित्रं, मॉडेल, कोड विकणाऱ्या दुकानातलं) कमिशन आणि जाहिरातींचं जाळं यातला पैसा मोठा दिसू लागला होता, आणि त्यासाठी आधी लाखो लोक आत यायला हवे होते. आवळा देऊन कोहळा काढणं म्हणतात ते हेच. फक्त इथे आवळा खरोखर चांगला आहे, आणि कोहळा बहुतेकांच्या परसात उगवतच नाही.

तेव्हापासून कुंपण सॉफ्टवेअरमधून उठून परवान्याच्या कागदात गेलं. सॉफ्टवेअरमधलं कुंपण दिसतं: बटण राखाडी असतं, दाबलं जात नाही. कागदातलं कुंपण ओलांडलं तरी काही वाजत नाही. म्हणून माझा पहिला आग्रह हाच: तक्ता बाजूला ठेवा आणि परवान्यातला व्याख्यांचा भाग वाचा.

युनिटीचंच घ्या. पर्सनल आवृत्ती वापरायची मर्यादा आता वर्षाला २,००,००० डॉलर आहे. आधी ती १,००,००० होती. बहुतेक जण हा आकडा ‘गेमने कमावलेले पैसे’ असा वाचतात. परवान्यात तसं नाही. गेल्या बारा महिन्यांतलं उत्पन्न आणि बाहेरून उभारलेला निधी असं दोन्ही त्यात धरतात. म्हणजे गेम एक रुपयाही कमवायच्या आधी कुणी तुमच्यात मोठी गुंतवणूक केली, तर तुम्ही रेषेपलीकडे जाऊ शकता. आणि दुसऱ्या कंपनीसाठी काम घेतलंत, तर त्या कामापुरती तुमची नव्हे, त्या कंपनीची ऐपत मोजली जाते. कंत्राटावर काम करणारे किती जण इथे बेसावध असतात ते मी पाहिलं आहे: घरी पर्सनल आवृत्ती, गिऱ्हाईक गडगंज, आणि दोघांनाही आपण नियम मोडतोय याची कल्पना नाही. वर एकाच टीममध्ये काहींकडे प्रो आणि काहींकडे पर्सनल अशी खिचडी चालत नाही. २०२५ मध्ये प्रोची एक सीट, म्हणजे एका माणसाचा परवाना, वर्षाला साधारण २,२०० डॉलरला होती. तुम्ही दोघंच आहात. सहा जणांच्या टीमने हा हिशेब उशिरा केला तर घाम फुटतो.

अनरियलचा शब्द वेगळा, ‘ग्रॉस’, म्हणजे काहीही कापण्याआधीची एकूण विक्री. एका गेमच्या पहिल्या १० लाख डॉलरपर्यंत रॉयल्टी नाही, त्यापुढे ५ टक्के. २०२० पासून मूळ नियम हाच आहे. समजा गेमची एकूण विक्री १२ लाख झाली. दुकानाने आपला ३० टक्के वाटा कापून तुमच्या हातात ८ लाख ४० हजार ठेवले. तुम्ही म्हणाल, आपण दहा लाखांच्या आतच आहोत. नाही. मोजणी १२ लाखांवर होते, तेव्हा वरच्या दोन लाखांचे ५ टक्के, म्हणजे १०,००० डॉलर द्यायचे. रक्कम त्या मानाने किरकोळ आहे, पण ती बाजूला काढून ठेवली नसेल तर पुढच्या गेमच्या पैशांतून जाते.

अर्थात दोघांच्या पहिल्याच गेमसाठी २ लाख आणि १० लाखांच्या रेषांची चिंता करणं म्हणजे बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी. रेषा कुठे आहे ते ठाऊक असू द्या आणि कामाला लागा.

कागद बदलूही शकतो, हे मात्र विसरू नका. १२ सप्टेंबर २०२३ ला युनिटीने रनटाइम फी जाहीर केली: एका मर्यादेपुढे गेम जितक्या वेळा इन्स्टॉल होईल, तितक्या वेळा पैसे. आधी बाजारात आलेले गेमही त्यात येणार होते. गदारोळ झाला, दहा दिवसांत अटी सौम्य केल्या गेल्या, आणि बरोबर एका वर्षाने, १२ सप्टेंबर २०२४ ला, ती फी पूर्ण मागे घेतली गेली. त्या वर्षभरात अनेकांनी चालू काम दुसऱ्या इंजिनात हलवलं. तेव्हापासून मला एक सवय लागली आहे. प्रकल्प सुरू करताना वापरत असलेल्या आवृत्तीच्या परवान्याचा अख्खा मजकूर, तारखेसकट, प्रकल्पाच्या फोल्डरमध्येच ठेवतो. दोन मिनिटांचं काम आहे. वाद झालाच तर ‘तेव्हा काय लिहिलं होतं’ हे शोधत बसावं लागत नाही.

आता सॉफ्टवेअरमध्येच उरलेल्या मर्यादांबद्दल. त्या अजून आहेत आणि माझ्या मते त्यातल्या काही अगदी प्रामाणिक आहेत. कन्स्ट्रक्ट २ या इंजिनाच्या मोफत आवृत्तीत १०० इव्हेंटची हद्द होती. इव्हेंट म्हणजे ‘असं झालं तर तसं कर’ अशी एक नोंद. शंभर खूप वाटतात, पण उडी, पडणं, शत्रूचा स्पर्श, नाणं, आवाज, मेनू, थांबवणं, पुन्हा सुरू करणं असं करत पहिल्या दोन पातळ्यांतच साठ-सत्तर संपतात. तरीही ही मर्यादा मला आवडायची. ती पहिल्या दिवसापासून दिसते, आणि तिच्यात बसवायच्या नादात माणूस एकच नोंद दहा जागी वापरायला शिकतो. कन्स्ट्रक्ट ३ मध्येही मोफत वापरासाठी इव्हेंटची हद्द आहे आणि पुढे वर्गणी. तुमचं इंजिन या जातीचं असेल, तर दोन महिन्यांत किती इव्हेंट झाले ते आजच मोजा. उरलेल्या गेमला किती लागतील याचा अंदाज त्यावरूनच येईल.

गेममेकर या इंजिनाने नोव्हेंबर २०२३ मध्ये सरळ वाट धरली. पैसे कमवायचे नसतील तर मोफत. गेम विकायचा असेल तर एकदाच ९९.९९ डॉलर, कन्सोलवर न्यायचा असेल तर महिना ७९.९९ ची एंटरप्राइझ वर्गणी. यात घोळ होतो तो ‘पैसे कमवायचे नसतील’ या शब्दांचा. गेम फुकट वाटला आणि आत जाहिराती लावल्या, तर तो पैसे कमावणाराच गेम झाला.

गोडो या इंजिनाचं प्रकरणच निराळं. २०१४ पासून त्याचा कोड खुला आहे, परवाना एमआयटी, म्हणजे जवळजवळ काहीच अट न घालणारा. विकतची आवृत्तीच नाही, त्यामुळे कापलेली सोयही नाही. रॉयल्टी नाही, उलाढालीची रेषा नाही, गेम सुरू होताना दिसणारं इंजिनाचं चिन्ह हवं तर काढून टाका. एवढंच करायचं की परवान्याचा छोटासा मजकूर गेममध्ये कुठेतरी, बहुधा श्रेयनामावलीत, ठेवायचा. लोक नेमकं हेच विसरतात. पण गोडोतून थेट कन्सोलसाठी एक्स्पोर्ट करता, म्हणजे तिथे चालणारी प्रत काढता, येत नाही, आणि याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. कन्सोल बनवणाऱ्या कंपन्या आपली विकाससाधनं गोपनीयतेच्या करारावर देतात. ती वापरणारा कोड चव्हाट्यावर ठेवता येत नाही, आणि गोडोचा कोड तर सगळाच चव्हाट्यावर. म्हणून हे काम बाहेरच्या कंपन्या पैसे घेऊन करतात. गोडोच्याच काही मूळ विकसकांनी काढलेली डब्ल्यूफोर गेम्स ही त्यातली एक.

कन्सोल ही भिंत सगळीकडेच आहे, फक्त दार वेगवेगळ्या जागी. युनिटीत प्रो परवाना लागतो किंवा कन्सोलवाल्या कंपनीकडून मिळालेली परवाना-किल्ली. अनरियलमध्ये त्या कंपनीकडे विकसक म्हणून नोंदणी मंजूर झाली की इंजिनाचा तो भाग वेगळे पैसे न भरता मिळतो. पण ती मंजुरी मिळवणं हे इंजिनाच्या पैशांपेक्षा अवघड असतं. तुमच्या गेमला कन्सोल हवाच आहे का, हे आज ठरवून टाका. ‘पुढे बघू’ हे उत्तर इथे महाग पडतं.

चिन्हांबद्दल फार बोलत नाही. युनिटी पर्सनलमध्ये सुरुवातीची पाटी सक्तीची होती. ऑक्टोबर २०२४ मध्ये युनिटी ६ आल्यापासून ती ऐच्छिक आहे. गंमत अशी की पैसे भरणारे चांगले गेम ती पाटी काढून टाकायचे आणि घाईत पाडलेले गेम ती मिरवायचे, त्यामुळे पाटी दिसली की खेळणारा नाक मुरडायचा. जाहिरात म्हणून लावलेली गोष्ट अशी उलटली. आणखी एक किस्सा: एडिटरची गडद थीम २०२० पर्यंत फक्त पैसे भरणाऱ्यांना मिळायची. रात्री दोन वाजता पांढऱ्याशुभ्र पडद्याकडे पाहताना आम्ही किती शिव्या घातल्या असतील, देव जाणे.

आता ज्याबद्दल मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ते. तुम्ही इंजिनाबद्दल विचारलंत, पण गेम एकट्या इंजिनात होत नाही. मॉडेल, चित्रं, आवाज, कोड लिहायचा एडिटर, फायलींचा इतिहास ठेवणारी व्यवस्था: प्रत्येकाचा परवाना वेगळा. इंजिनाचा परवाना एखादा तरी वाचतो. या बाकीच्यांचा कुणीच वाचत नाही.

माझ्याच हातून झालेली चूक सांगतो. एका गिऱ्हाइकाच्या कामात एका सहकाऱ्याने काही मॉडेल आपल्या विद्यार्थी-प्रतीत केली होती. त्याची प्रत तो शिकत असतानाची, अजून चालत होती. त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही आणि मीही विचारलं नाही. काम सोपवायच्या आठवड्यात मूळ फायली उघडल्या, तर फाइल शैक्षणिक प्रतीत बनल्याची सूचना पडद्यावर. त्याने बदललेली, त्याच्याकडून कॉपी झालेली प्रत्येक फाइल तशीच. कापडाला डाग लागावा तशी ती खूण पसरत गेली होती. सॉफ्टवेअरचा दोष नव्हता, त्यांनी लिहूनच ठेवलं होतं. आम्ही तेवढी मॉडेल पुन्हा केली आणि गिऱ्हाइकाला उशिराचं खरं कारण सांगितलं.

काही साधनांत हे उघड दिसतं. हुदिनी या थ्रीडी साधनाच्या मोफत अ‍ॅप्रेंटिस आवृत्तीच्या फायलींचा प्रकारच वेगळा असतो, तयार झालेल्या चित्रावर वॉटरमार्क येतो, आणि ती फाइल विकतच्या आवृत्तीत उघडली तर ते सत्रच अव्यावसायिक होऊन बसतं. याउलट ब्लेंडर, तेही थ्रीडी साधनच. त्याचा परवाना जीपीएल, म्हणजे त्या कोडवर बांधलेलं सॉफ्टवेअर वाटलं तर त्याचाही कोड खुला ठेवायला लावणारा, पण तो ब्लेंडरच्या कोडला लागू. तुम्ही त्यात बनवलेलं मॉडेल पूर्ण तुमचं, खुशाल विका. जीपीएल हे नाव ऐकून घाबरणारे अजून भेटतात, म्हणून स्पष्ट लिहिलं.

तुमच्यासारख्या टूडीवाल्यांसाठी असप्राइट (Aseprite) हे पिक्सेल-चित्रं काढायचं साधन सोयीचं. त्याच्या चाचणी आवृत्तीत काम सेव्ह होत नाही, म्हणजे ती फक्त चाखायला. पण कोड उपलब्ध आहे. स्वतः कंपाइल करून, म्हणजे कोडमधून चालणारी प्रत बनवून, स्वतःपुरतं वापरता येतं, फक्त ती प्रत वाटायची नाही. आवाजासाठी रीपर ६० दिवस कुठल्याही कापाकापीशिवाय वापरून बघा; पुढे छोट्यांसाठी ६० डॉलर. कोड लिहायचा व्हिज्युअल स्टुडिओ कम्युनिटी हा एडिटर छोट्या कंपनीत पाच जणांपर्यंत चालतो. फायलींचा इतिहास ठेवणारं परफोर्सही पाच जणांपर्यंत मोफत. दोघांच्या टीमला यातलं काहीच टोचणार नाही. पाच जण झालात की पुन्हा वाचा. पाच हा आकडा या धंद्यात कुणाचा लाडका आहे कोण जाणे.

तेव्हा या आठवड्यात दोन कामं करा. पहिलं, साधी मजकुराची फाइल उघडा आणि दोघांच्या संगणकांवर या गेमसाठी वापरलेलं प्रत्येक साधन लिहा: नाव, कोणती आवृत्ती, कुणाच्या नावावर, व्यावसायिक वापर चालतो की नाही. उतरवलेले फॉन्ट आणि आवाजाचे नमुनेसुद्धा. ‘फक्त वैयक्तिक वापरासाठी’ असा फॉन्ट मेनूत बसवून मोकळे झालेले लोक मोजायला बसलं तर बोटं कमी पडतील.

दुसरं काम जास्त महत्त्वाचं. गेम राहू द्या बाजूला. एक रिकामा देखावा, त्यात इकडून तिकडे सरकणारा एक चौकोन, एक आवाज आणि एक सेव्ह. बस. हे घेऊन जिथे जिथे गेम न्यायचा आहे तिथली शेवटची, विकायला ठेवता येईल अशी बिल्ड, म्हणजे चालणारी प्रत, बनवून पाहा. एडिटरमधलं ‘प्ले’ दाबून नव्हे, खऱ्या फोनवर, दुसऱ्याच्या संगणकावर. वॉटरमार्क असेल तर तिथे दिसेल, एक्स्पोर्ट बंद असेल तर तिथे कळेल, आयफोनच्या बिल्डसाठी मॅक लागतो हेही तिथेच उमगेल. आणि जे पैसे खरोखर आधी लागतात तेही समोर येतील: ॲपलची विकसक वर्गणी वर्षाला ९९ डॉलर, गुगल प्लेचे एकदाच २५, स्टीम या संगणक-गेमांच्या दुकानात दर गेममागे १००, जे गेमने १,००० डॉलर कमावल्यावर परत मिळतात. विकतचं इंजिन घेण्याच्या नादात हे पैसे न उरलेली टीम मी पाहिली आहे.

मग विकतची आवृत्ती घ्यायची तरी कधी? रेषा ओलांडायला चार-सहा महिने उरल्यासारखे दिसले की. कन्सोलची मंजुरी हातात आली की. किंवा इंजिनाच्या पोटातच बिघाड आहे आणि तो शोधायला आतला कोड लागतोय असं झालं की. पण हे पैसे भरून सुटेलच असं नाही. अनरियलचा कोड मोफत वापरणाऱ्यालाही मिळतो, युनिटीत साधा प्रो घेऊनही मिळत नाही.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, सगळं पहिल्यापासून करावं लागेल का. युनिटीत नाही, एडिटर तोच, फक्त परवाना बदलतो, प्रकल्पाच्या फायलींना हातही लागत नाही. गेममेकरमध्येही नाही. त्रास होतो तो ज्या साधनांत मोफत आवृत्तीची फाइलच वेगळ्या जातीची असते तिथे, वर हुदिनीचं सांगितलं तसं. म्हणून त्या मजकुराच्या फायलीत अजून एक रकाना जोडा: ‘याची फाइल विकतच्या आवृत्तीत जशीच्या तशी उघडते का?’ दोन महिन्यांचंच काम आहे, तपासायला एक संध्याकाळ पुरेल.